ॲडमिनचा पासवर्ड आणि मराठी अक्षर



या मालेत एरवी तलाव, रेल्वे, जंगल, धान अशा विषयांवर बोललं जातं. आज आम्ही संगणकावर बोलणार आहोत, आणि त्यातही एका अगदी लहान गोष्टीवर. तुम्ही शाळेत, कार्यालयात किंवा सेवा केंद्रात संगणकापुढे बसता, एखादं सॉफ्टवेअर टाकायला जाता, आणि मध्येच एक चौकट उघडते. ती सांगते की तुम्हाला हा अधिकार नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. बहुतेक वेळा तो ॲडमिनिस्ट्रेटर तिथे नसतो.

विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ मित्रांनी आम्हाला विचारलं, "ह्यात इतिहास कुठे आला?" आमचं म्हणणं असं की जिथे कुलूप असतं तिथे इतिहास असतोच. ते कुणी लावलं, कशासाठी लावलं, किल्ली कुणाकडे राहिली आणि दाराबाहेर कोण ताटकळलं, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. साल २००६. तालुक्याच्या गावची एक शाळा. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. शाळेत नुकतेच संगणक आलेले, त्यांवर विंडोज एक्सपी. पुरवठादाराच्या माणसाने येऊन यंत्रं जोडली, प्रत्येकावर 'स्टुडंट' नावाचं मर्यादित खातं उघडलं, ॲडमिनचा पासवर्ड आपल्यापाशी ठेवला आणि तो नागपूरला परत गेला. हेतू वाईट नव्हता. पोरं गेम टाकतील, व्हायरस आणतील, मग दुरुस्तीला पुन्हा एवढ्या दूर यावं लागेल, इतकाच त्याचा हिशेब.

आम्ही तिथे गेलो होतो ते मुलांनी जमवलेली गावच्या तलावांची माहिती मराठीत टाइप करून तिची पुस्तिका काढायला. अर्धं काम आम्ही आधीच युनिकोड मराठीत करून पेनड्राइव्हवर नेलं होतं. फाइल उघडली तर पडदाभर नुसते चौकोन. एकही अक्षर नाही. मुलं हसायला लागली. संगणक शिकवणाऱ्या मॅडम घाबरून म्हणाल्या, "सर, मशीन खराब हाये का?"

मशीन खराब नव्हतं. एक्सपीमध्ये मराठी दिसायला कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागायची. 'गुंतागुंतीच्या' लिप्यांच्या फाइली टाका, अशा अर्थाची ती ओळ होती. अरबी, थाई आणि आपली देवनागरी, सगळ्या त्या एकाच ओळीत. जागा लागायची जेमतेम १० एमबी. पण ती खूण मर्यादित खात्यातून करता येत नव्हती. ॲडमिनच लागायचा, आणि वर विंडोजची मूळ सीडीही लागायची. आम्ही नागपूरला फोन केला. "पुढच्या आठवड्यात येतो," असं उत्तर मिळालं. तो आठवडा पुढे महिनाभर लांबला. शेवटी मुलांनी पुस्तिका हाताने लिहिली आणि झेरॉक्स काढल्या. पुस्तिका सुंदरच झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात रुतून बसली. त्याच संगणकावर, त्याच 'स्टुडंट' खात्यातून इंग्रजी टाइप करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मराठीला लागत होती. हे असं का झालं, हा आजचा खरा प्रश्न.

कुलूप आलं कुठून

सगळ्यात जुन्या संगणकांना असं कुलूप नव्हतं, कारण सामान्य माणूस संगणकापर्यंत पोचतच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशातच बांधलेला टिफ्रॅक सुरू झाला. त्या काळच्या मोठ्या यंत्रांची सर्वसाधारण रीत अशी होती की तुम्ही आपला हिशेब छिद्रांच्या कार्डांवर किंवा कागदी फितीवर उतरवायचा आणि यंत्र चालवणाऱ्यांच्या हाती द्यायचा. ते तो चालवणार आणि निकाल छापून तुम्हाला देणार. म्हणजे कुलूप होतं, पण ते खोलीच्या दाराला होतं.

१९६१ साली अमेरिकेत, एमआयटी या संस्थेत, फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक. मग माझी फाइल तुम्ही उघडू नये, तुमची मी पुसू नये, यासाठी प्रत्येकाला वेगळं खातं आणि पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी तो फुटलाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत होते आणि त्याला ते पुरत नव्हते. त्याने यंत्राला सरळ पासवर्डांची फाइल छापायला सांगितली, आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. पुढे तो दुसऱ्यांच्या खात्यांतून काम करायला लागला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांनी पुढे जे जे उद्योग केले, त्यांचा मूळपुरुष तिथे बसलेला आहे. आणि त्याचं कारण चोरी नव्हतं, काम अडलं हे होतं.

१९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतलं. त्यात एक खातं सगळ्यांच्या वर होतं, त्याचं नाव 'रूट'. रूटला सगळी दारं उघडी, बाकीच्यांना आपापली खोली. पुढे १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एका लेखात या विचाराला तत्त्वाचं रूप दिलं. सार असं की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, जास्त नाही. संगणकाच्या सुरक्षेचा पाया आजही तोच आहे.

तत्त्वातल्या दोन शब्दांकडे लक्ष द्या: 'लागेल तेवढाच'. जास्त देऊ नये, हे सगळ्यांनी ऐकलं. पण लागेल तेवढा द्यायलाच हवा, ही त्याची दुसरी बाजू. ती मात्र बरेचदा विसरली गेली.

घरचा संगणक आणि त्याचा मालक

युनिक्सचं जग विद्यापीठांचं आणि मोठ्या कंपन्यांचं होतं. आपल्या टेबलावर संगणक आला तो दुसऱ्या घराण्यातून. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि त्याबरोबर डॉस. डॉसमध्ये खातंच नव्हतं. जो खुर्चीवर बसला तो मालक. विंडोज ९५ मध्ये नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली खरी, पण 'कॅन्सल' दाबलं तरी संगणक उघडायचा. ज्यांनी त्या काळात संगणकाचा क्लास केला असेल त्यांना आठवत असेल. दार होतं, पण त्याला कडी नव्हती.

मायक्रोसॉफ्टनेच १९९३ मध्ये विंडोज एनटी काढलं होतं. त्यात खाती, अधिकार, ॲडमिनिस्ट्रेटर हे सगळं नीट होतं, पण ते होतं कंपन्यांसाठी. ही दोन घराणी एकत्र आली २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, विंडोज एक्सपीत. आत एनटीची बांधणी, बाहेर घरगुती रूप. त्यात खात्यांचे सरळ दोन प्रकार ठेवले: 'कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर' आणि 'लिमिटेड'. पण संगणक पहिल्यांदा सुरू करताना जी खाती उघडली जायची ती सगळी ॲडमिनिस्ट्रेटरची, आणि पासवर्ड नाही. म्हणजे घरी जो तो मालक, आणि शाळेत-कार्यालयात जो तो 'लिमिटेड'.

आता खरी अडचण कुठे झाली ते सांगतो. संगणकात ढोबळमानाने दोन कप्पे असतात असं समजा. एक सामाईक कप्पा: विंडोजच्या स्वतःच्या फाइली, 'प्रोग्राम फाइल्स'चं फोल्डर, फॉन्टचं फोल्डर, सगळ्या यंत्राला लागू होणाऱ्या नोंदी. दुसरा खाजगी कप्पा: तुमच्या खात्याचा, तुमच्या कागदपत्रांचा, तुमच्या पसंतीचा. मर्यादित खात्याला सामाईक कप्प्यात लिहिता येत नाही, आपल्या कप्प्यात येतं. नियम चांगला आहे. पण डॉस आणि विंडोज ९५ च्या सवयीत वाढलेले सॉफ्टवेअर लिहिणारे सगळं काही सामाईक कप्प्यातच टाकायचे. साधा शब्दकोश असो की टाइपिंग शिकवणारा प्रोग्राम, तो तिथेच जाऊन बसणार. कित्येक प्रोग्राम तर रोजच्या वापरातही तिथेच लिहायचे, त्यामुळे ॲडमिनने टाकून दिल्यावरही मर्यादित खात्यातून ते चालायचे नाहीत. लिहिणारा स्वतः ॲडमिन म्हणून काम करायचा, म्हणून ही अडचण त्याच्या ध्यानातच येत नसे.

थोडक्यात, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की वापरणारा हाच मालक. संगणक देणाऱ्याने गृहीत धरलं की वापरणारा मालक नाही. या दोन गृहीतांमध्ये आपली शाळा सापडली.

मराठीचं दुखणं वेगळं का

ही अडचण जगभर होती. मग आपण वेगळं रडगाणं का गावं? कारण इंग्रजी वापरणाऱ्याचं अडलं ते एखाद्या प्रोग्रामपाशी. आपलं अडलं ते अक्षरापाशीच.

युनिकोडच्या आधीचा काळ आठवा. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम. यांतल्या प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी निराळी. गोंदियाच्या झेरॉक्सवाल्याकडे कृतिदेवमध्ये टाइप केलेला अर्ज कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडला की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो वाचायला तोच फॉन्ट टाकावा लागायचा. फॉन्ट टाकायचं ठिकाण म्हणजे विंडोजचं सामाईक फोल्डर, आणि तिथे टाकायचा अधिकार ॲडमिनचा. काही मराठी सॉफ्टवेअरांबरोबर तर नक्कल होऊ नये म्हणून एक डोंगल यायचं, ते संगणकाच्या पाठीमागे लावायचं. त्याचा ड्रायव्हर टाकायचा म्हणजे पुन्हा ॲडमिन. तुमच्या बहिणीने भंडाऱ्याहून मराठीत पाठवलेलं पत्र वाचायला तुम्हाला यंत्राच्या मालकाची परवानगी हवी, अशी ती अवस्था होती.

युनिकोडने हे सुटेल असं वाटलं होतं. १९९१ पासून त्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आणि मंगल फॉन्ट आला. पण एक्सपीत ती सोय सगळ्यांना आपोआप दिली नाही, मघाशी सांगितलेल्या चौकटीच्या मागे ठेवली. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या सीडी वाटल्या. आधी तमिळ, मग हिंदी, पुढे मराठीचीही निघाली. फॉन्ट, कळफलक, शब्दकोश असं बरंच काही त्यांत होतं आणि सगळं मोफत होतं. पण मोफत सीडी मर्यादित खात्यात घालून काय होणार? तीच चौकट उघडणार. पैशाचा अडसर गेला आणि अधिकाराचा राहिला.

आणि हे नेमकं कधी घडत होतं बघा. आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावी पोचला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायला लागलं. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि ऑपरेटर आले. म्हणजे सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडचा माणूस संगणकाला पहिल्यांदा भेटला तो घरी नाही, क्लासमध्ये, शाळेत, कार्यालयात. दुसऱ्याच्या संगणकावर. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातलं पोर ॲडमिन म्हणून संगणक शिकलं. मोडलं, बिघडवलं, पुन्हा टाकलं. आपल्याकडचं पोर 'लिमिटेड' म्हणून शिकलं. शिकण्यातला हा फरक कुठल्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही, पण तो पडला.

लोकांनी काढलेल्या वाटा

लोक काही गप्प बसले नाहीत. एक्सपीच्या होम आवृत्तीत 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं एक लपलेलं खातं असायचं आणि त्याला बहुधा पासवर्डच नसायचा. संगणक सुरू होताना एफ-८ दाबायचं, सेफ मोडमध्ये जायचं, आत शिरायचं. ही युक्ती छापील पुस्तकातून आली नाही, ती तोंडी पसरली. क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर एकाने दुसऱ्याला सांगायची.

दुसरी वाट म्हणजे चिठ्ठी. कीबोर्ड उलटा करा, खाली पासवर्ड चिकटवलेला. एका कार्यालयात आम्ही तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला पाहिला आहे. तिसरी वाट सगळ्यांत सोपी: कटकट नको म्हणून सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकायचं.

मग काय झालं? तुम्हाला आठवेल, प्रत्येक पेनड्राइव्हवर 'न्यू फोल्डर' नावाचं एक फोल्डर दिसायचं जे फोल्डर नव्हतंच, व्हायरस होता. डबल क्लिक केलं की गेला संगणक. पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा, ही सोयच व्हायरसच्या पथ्यावर पडली. जुन्या विंडोजमधली ती सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये एका अपडेटने बंद केली. तोवर २००८ च्या अखेरीस आलेला कॉनफिकर जगभर लाखो संगणकांत शिरून बसला होता. सगळेच ॲडमिन, म्हणजे व्हायरसही ॲडमिन.

म्हणून आम्ही कुलपाच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. २०१७ च्या जून महिन्यातली गोष्ट. नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला आणि त्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. त्याच समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. तो हल्ला पसरला त्यातलं एक कारण असं की एका संगणकाच्या स्मृतीत पडून राहिलेले ॲडमिनचे पासवर्ड उचलून तो शेजारच्या संगणकांत शिरत होता. किल्ली जितक्या ठिकाणी पडून राहील तितकी चोराची सोय. तेव्हा पुरवठादाराच्या त्या माणसाची भीती खोटी नव्हती.

तलाव आणि बांधी

मग चुकलं कुठे? यासाठी आपल्या मुलखातलंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, म्हणून आता आपण त्यांना माजी मालगुजारी, 'मामा तलाव' म्हणतो. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायची जागा असते, तिला आपल्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम कुणीही येऊन उघडायचं नसतं. ते ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी उघडायचं. एकाने रात्री येऊन उघडलं तर अख्ख्या गावाचं धान वाळेल. त्याला कुलूप असणं हे गावाच्याच हिताचं आहे.

पण पाणी एकदा आपल्या बांधीत आलं की धुरा कुठे फोडायचा, कुठे लिंपायचा, हे शेतकरी आपलं आपण बघतो. त्यासाठी तो तुडूमवाल्याला विचारायला जात नाही. आणि कुणी जर असा नियम काढला की बांधीतलं पाणी वळवायलाही तुडूमवाल्याची सही लागेल, तर दोनच गोष्टी होतील. एक तर शेती बसेल, नाहीतर लोक तुडूमच फोडतील.

संगणकात नेमकं हेच झालं. फॉन्ट ही बांधीतली गोष्ट होती, ती तुडूमावर नेऊन ठेवली. माझ्या पडद्यावर माझी लिपी दिसावी, याने शेजाऱ्याच्या फाइलला काय धोका होता? कळफलक, शब्दकोश हेही तसंच. आणि बांधीसाठी तुडूमापाशी जावं लागलं, म्हणून लोकांनी तुडूमाचीच किल्ली कॅलेंडरवर लिहून ठेवली. जास्तीच्या कुलपाने सुरक्षा वाढली नाही, उलट गेली.

उपाय कसा आला

हळूहळू, आणि बरेचदा दुसऱ्याच कारणाने. २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विंडोज व्हिस्टा आलं. लोकांनी त्याला खूप नावं ठेवली, कारण दर वेळी पडदा काळवंडून ते परवानगी विचारायचं. पण त्याने दोन कामं केली. या सततच्या विचारण्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की आपण विनाकारण सामाईक कप्प्यात हात घालतो. आणि आपल्यासाठी त्याहून मोठं म्हणजे, देवनागरीची सोय त्यात मुळातच आली. ना चौकट, ना सीडी. आपल्याकडे व्हिस्टा फार कुणी वापरलं नाही, पण २००९ च्या विंडोज ७ मध्ये तीच सोय राहिली आणि मग शाळेतले चौकोन संपायला लागले. एक्सपीची अधिकृत देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, तरी जुनी यंत्रं आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी दिवस चालली.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने क्रोम काढलं. ते ॲडमिनच्या परवानगीशिवाय टाकता येत होतं, कारण ते वापरणाऱ्याच्या खाजगी कप्प्यातच बसायचं. कार्यालयांतल्या संगणक-व्यवस्थापकांना ते मुळीच आवडलं नाही, पण लोकांना आवडलं. आणि फॉन्ट? साध्या खात्यातून फक्त स्वतःपुरता फॉन्ट टाकण्याची सोय विंडोज १० मध्ये आली ती २०१८ च्या अखेरीस. लिनक्समध्ये आपल्या फोल्डरात फॉन्ट ठेवायची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होती. म्हणजे हे अशक्य कधीच नव्हतं. फक्त ज्यांना त्याची गरज होती, ते ठरवणाऱ्यांच्या खोलीत नव्हते.

मधल्या काळात मोबाइल आला आणि त्याने प्रश्नच बदलला. अँड्रॉइडच्या आत लिनक्स आहे, आणि त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता समजून वेगळी खोली दिलेली असते. तुम्ही रूट नसता, पण रोजच्या कामाला तुम्हाला रूट लागतही नाही. ॲप टाका, काढा, मराठीत लिहा. आमच्या मते, आपल्या जिल्ह्यातला माणूस मराठीत भरभरून लिहायला लागला तो मोबाइलवर, याचं हे एक कारण आहे. तिथे पहिल्यांदा त्याला त्याची बांधी मिळाली.

पण गोष्ट संपलेली नाही. सही आता डिजिटल झाली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. आपल्याकडे जुनी माणसं अजून तलाठ्याला पटवारीच म्हणतात. त्या पटवाऱ्याच्या बस्त्याची जागा लॅपटॉपने घेतली आणि सहीची जागा यूएसबी टोकनने. त्यालाही लोक डोंगलच म्हणतात. टोकन चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला ॲडमिन हवा. काही सरकारी संकेतस्थळांना बरीच वर्षं जावाची ठरावीक आवृत्ती लागायची. २०१४ च्या सुरुवातीला जावाने नियम कडक केले, २०१५ मध्ये क्रोमने जावा चालवणंच सोडलं. दर वेळी गावातल्या ऑपरेटरची पंचाईत. धान खरेदीच्या नोंदणीची शेवटची तारीख, बाहेर सातबारा घेऊन उभे शेतकरी, आत खुर्चीवर बसलेला पोरगा, आणि पडद्यावर तीच चौकट: ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. शेतकरी विचारतो, "काहून नाही होत भाऊ?" त्याला काय सांगणार? शिव्या त्या पोराला बसतात, आणि त्याच्या हातात किल्ली नसते.

आमचं सांगणं इतकंच आहे. कुलूप असावं की नसावं, या वादात पडू नका. प्रत्येक कुलपापाशी उभं राहून विचारा की आत तलाव आहे की बांधी. तलाव असेल तर किल्ली एकाकडेच असू द्या, पण तो माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या. बांधी असेल तर कुलूप काढा. २००६ मध्ये त्या शाळेत हा प्रश्न कुणी विचारला असता, तर एका खुणेने आणि १० एमबीने काम झालं असतं.



(व्याख्यानानंतर आलेला एक प्रश्न इथे देत आहोत.)

प्रश्न: आम्ही शाळेत आहोत. तुम्ही म्हणता ते पटलं. पण उद्या सकाळी जाऊन नेमकं काय करायचं? सगळ्यांना ॲडमिन करू का?

उत्तर: नाही गुरुजी, ते करू नका. मुलांचं खातं मर्यादितच ठेवा. पण तीन गोष्टी करा. पहिली, ॲडमिनचा पासवर्ड पुरवठादाराकडे नाही, शाळेकडे असला पाहिजे. कपाटाची दुसरी किल्ली जशी लिफाफ्यात सील करून मुख्याध्यापकांकडे असते, तसाच तो ठेवा. ऑपरेटर बदलला की पासवर्ड बदला आणि लिफाफाही बदला. दुसरी, संगणक ताब्यात घेताना नुसते डबे मोजू नका. मुलांच्या खात्यात शिरून, पुरवठादाराच्या माणसासमोरच एक मराठी ओळ टाइप करा, ती साठवा, छापून बघा. प्रिंटर, टोकन, जे जे लागणार आहे ते ते त्याच खात्यातून चालतं का बघा, आणि मगच सही करा. तिसरी, आताच्या विंडोजमध्ये मराठी कळफलक जोडणं मर्यादित खात्यातूनही होतं. ते मुलांना शिकवा. स्वतःच्या हाताने आपली लिपी जोडली की संगणक आपला वाटायला लागतो. आमच्या त्या पुस्तिकेवाल्या मुलांना तेवढंच मिळायचं राहून गेलं.